कोरफड भाजण्यावर, मुरुमांवर नव्हे

माझ्या भाचीला बारावीच्या वर्षी चेहऱ्यावर मुरूम आले. देवरीकडच्या एका गावातून ती गोंदियाला शिकायला आली होती आणि वसतिगृहात राहत होती. दिवाळीच्या सुटीत घरी गेली तेव्हा तिच्या आईने अंगणात जुन्या तेलाच्या डब्यात लावलेल्या कोरफडीची दोन पाने कापून दिली. रात्री पान चिरायचे, गर चेहऱ्यावर चोळायचा, सकाळी धुवायचे. पोरीने हे चौदा महिने केले, एक रात्र न चुकता. मधे कधी मुरूम बसत, तेव्हा कोरफडीचा गुण आला असे ठरे. पुन्हा उसळत, तेव्हा अंगातली उष्णता बाहेर पडते आहे असे ठरे. मी बहिणीला एकदा विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘‘नुकसान त काही नाही ना भाऊ, आपल्या घरचीच वस्तू आहे.’’ मीही गप्प राहिलो. पंधराव्या महिन्यात तिला उजेडात नीट पाहिले तेव्हा दोन्ही गालांवर बारीक, खोल खड्डे पडलेले होते. ते आजही आहेत.

त्या खड्ड्यांसाठी हा लेख लिहितो आहे. कोरफडीशी माझे वैर नाही. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला आणि कोरफडीचे पान आडवे कापून दाखवणे हा माझा आवडता तास असे. धानाच्या बांध्यांच्या, बोड्यांच्या आणि मामा तलावांच्या या ओल्या मुलखात कोरफड पाहुणी आहे. तिचे मूळ घर अरबस्तानच्या कोरड्या द्वीपकल्पात आहे, असे तिच्या कुळाचा वंशवृक्ष तपासणाऱ्या अभ्यासकांनी 2015 साली दाखवले. पाणी जपण्यासाठी ती दिवसा पानांची रंध्रे मिटून घेते आणि रात्री उघडते. त्यामुळेच दृष्ट लागू नये म्हणून दारावर उलटी टांगलेली कोरफड मातीवाचून महिनोन्महिने हिरवी राहते. पान कापले की बाहेर जाड हिरवी साल, तिच्या लगत पिवळा कडू चीक वाहणाऱ्या नळ्या आणि मधोमध पारदर्शक गर. हा चीक आटवून वाळवला की आपल्या आज्यांच्या पेटीतला काळा बोळ होतो. गर आणि चीक या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एवढे लक्षात ठेवले तरी पुढचा निम्मा गोंधळ मिटतो.

खंडनाची आपली जुनी रीत अशी, की समोरच्याचे म्हणणे आधी त्याच्याइतकेच जोर लावून मांडावे. पूर्वपक्ष दुबळा करून जिंकणे हे जिंकणे नव्हे. म्हणून कोरफडवाद्यांचे म्हणणे मला समजले तसे सांगतो. कोरफड ही आयुर्वेदातली कुमारी. ग्रंथांनी ती त्वचारोगांवर सांगितली आहे आणि आज्या-पणज्यांनी वापरली आहे. ज्यांनी लावली त्यांचे मुरूम गेलेले आपण पाहतो. प्रयोगशाळेतही तिने जंतू मारल्याचे दिसले आहे. ती नैसर्गिक आहे, तिने अपाय होत नाही. आणि शेवटचे, सगळ्यात वजनदार म्हणणे: सालेकसा, देवरी किंवा केशोरीच्या पोरीला त्वचेचा डॉक्टर कुठे मिळणार आहे? दारातले पान फुकट आहे. ते लावू नको म्हणणाऱ्याने दुसरे काय लावायचे ते सांगावे.

परंपरेचा आधार सगळे घेतात, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या भावप्रकाशात, गुडूच्यादी वर्गात, कुमारीचे गुण आले आहेत. ती भेदनी म्हणजे रेचक आहे, थंड आहे, कडू आहे. गुल्म, प्लीहा आणि यकृताची वाढ, गाठी, आगीने भाजणे, विस्फोट, रक्तपित्ताचे विकार आणि त्वचेचे रोग ती दूर करते, असे तिथे म्हटले आहे. कोरफडवादी ‘विस्फोट’ आणि ‘त्वचेचे रोग’ या दोन शब्दांवर बोट ठेवतो. पण आयुर्वेदाच्या परिभाषेत विस्फोट म्हणजे मुरूम नव्हे. माधवनिदानात विस्फोटाचे लक्षण स्वतंत्र दिले आहे: भाजल्यावर उठतात तसे, तापासह येणारे, रक्त आणि पित्त बिघडल्याने होणारे फोड. भाजण्याच्या शेजारी विस्फोट का बसवला, ते यावरून कळते. दोन्ही ठिकाणी आग आहे, दोन्ही ठिकाणी पाण्याने भरलेला फोड आहे, आणि कुमारी थंड आहे. विचार अगदी सरळ आहे.

मुरुमांना मात्र आयुर्वेदाने वेगळे नाव दिले आहे, वेगळे कारण दिले आहे आणि वेगळा उपचारही दिला आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, क्षुद्ररोगांच्या तेराव्या अध्यायात ‘मुखदूषिका’ येते. कफ, वात आणि रक्त यांमुळे तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या, शाल्मलीच्या काट्यांसारख्या पुटकुळ्या, असे तिचे वर्णन आहे. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. नागझिऱ्याच्या किंवा नवेगावच्या रानात सावरीचे कोवळे खोड ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला ही उपमा किती नेमकी आहे ते सांगावे लागणार नाही: बसका, शंकूसारखा, टोकदार, मुळाशी रुंद. मुरुमाचे यापेक्षा चांगले चित्र मी कुठल्या पाश्चात्त्य पुस्तकातही वाचलेले नाही.

आणि उपचार? चिकित्सास्थानाच्या विसाव्या अध्यायात सुश्रुत आधी वमन सांगतो आणि मग लेप. एक लेप वेखंड, लोध्र, सैंधव आणि मोहरी यांचा. दुसरा धने, वेखंड, लोध्र आणि कोष्ठ यांचा. लोध्र, धने आणि वेखंडाचा लेप पुढे शार्ङ्गधरानेही तारुण्यपिटिकांसाठी घेतला. सावरीचा काटा दुधात वाटून लावण्याचा पाठ नंतरच्या ग्रंथांत येतो. या लेपांतली द्रव्ये रूक्ष, तुरट, कफ सुकवणारी आहेत. ओली, चिकट, थंड कुमारी त्यांत नाही. ज्याने मुरुमाचे कारण कफ सांगितले, त्याने त्यावर थंड आणि बुळबुळीत गर का सांगितला नसेल, हे आयुर्वेदाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळावे.

राहिला ‘त्वचेचे रोग’ हा सामान्य शब्द. सामान्य वचन आणि विशेष वचन समोरासमोर आले तर विशेष वचन बलवान, हा मीमांसकांचा नियम आपल्या सगळ्या शास्त्रांनी मानला आहे. मुखदूषिकेसाठी विशेष लेप सांगितलेले असताना कुमारीच्या गुणवर्णनातल्या एका मोघम शब्दाच्या बळावर ती मुरुमांचे औषध ठरवणे हा शास्त्राचा आदर नव्हे. ते शास्त्राच्या तोंडी आपले शब्द घालणे आहे. लोध्र-वेखंडाने मुरूम जातातच, असेही मी म्हणत नाही. तेही तपासायला हवे. मुद्दा एवढाच, की ज्या परंपरेच्या नावाने कोरफड दिली जाते, त्या परंपरेने ती मुरुमांसाठी दिलेली नाही.

आता आजी. माझ्या आजीच्या हातची कोरफड मला आठवते. लहान मुलाला खोकला झाला की ती पान विस्तवावर भाजून त्याचा रस हळद घालून चाटवायची. बाळंतिणीचे दूध तोडायचे असेल तेव्हा कडू चीक स्तनाग्राला लावायची. पोट साफ होत नसेल तर काळा बोळ उगाळून द्यायची. चुलीवर हात भाजला की गर लावायची. तोंडावरच्या पुटकुळ्यांना ती जायफळ उगाळायची, मसुराचे पीठ लावायची, आणि पुष्कळदा ‘लग्न झालं की जातात’ म्हणून सोडून द्यायची. कोरफडीचा गर चेहऱ्याला लावलेला मी तिच्या घरात पाहिला नाही. आजी म्हणजे पुरावा नव्हे, हे मला मान्य आहे. पण समोरचा आजीचीच साक्ष काढतो, तेव्हा माझ्या आजीचीही नोंद व्हावी.

मग गर चेहऱ्यावर आला कुठून? त्याचा बराच रस्ता अमेरिकेतून येतो. 1935 साली कॉलिन्स आणि कॉलिन्स या डॉक्टरांनी क्ष-किरणांनी भाजलेल्या त्वचेवर कोरफडीचे ताजे पान वापरून गुण आल्याची हकिगत अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात छापली. पुन्हा भाजणेच, हे लक्षात घ्या. ताजा गर हवेत काही तासांत बिघडतो, म्हणून त्याचा व्यापार होत नव्हता. 1970 च्या दशकात गर टिकवण्याच्या पद्धती निघाल्या आणि मग तो बाटलीत, नळीत, साबणात, रुमालात शिरला. भाजण्यावरची वनस्पती सौंदर्याची वनस्पती झाली ती तेव्हा. आपल्याकडे ती हिरव्या रंगाच्या पारदर्शक जेलच्या रूपाने परत आली आणि आपण तिला आजीचे नाव दिले. त्या जेलात कोरफड तरी किती असते? 2016 साली ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळ्यांची कोरफड जेल तपासून घेतली, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांत कोरफडीची ओळख पटवणारे द्रव्यच सापडले नाही.

‘पण माझे मुरूम गेले’ या म्हणण्याला उत्तर द्यायचे तर आधी मुरूम म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. चेहऱ्यावरच्या प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी तेल पाझरणारी ग्रंथी असते. वयात येताना संप्रेरकांमुळे हे तेल वाढते. केसाच्या नळीचे अस्तर झडायचे ते एकमेकांना चिकटते आणि आत बूच बसते. बुचामागे साचलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचा, एरवी त्वचेवर सगळ्यांच्याच राहणारा जंतू वाढतो. मग सूज, लाली, पू. बूच बसू लागते तेव्हा बाहेर काहीच दिसत नाही. दिसणारी पुटकुळी ही काही आठवड्यांपूर्वी आत सुरू झालेल्या गोष्टीचा शेवट असते. आज दिसलेल्या पुटकुळीवर आज गर लावणे म्हणजे बांधीची पाळ फुटून पाणी वाहून गेल्यावर तिथे माती लोटणे.

शिवाय ही पुटकुळी काहीही न करता आठ-दहा दिवसांत बसते. मुरुमांना भरती-ओहोटी असते. मुलींत पाळीच्या आधी ते वाढतात आणि नंतर ओसरतात. आपल्याकडे मे-जूनच्या घामात पुष्कळांचे वाढतात आणि थंडीत कमी वाटतात. उपाय माणूस कधी सुरू करतो? चेहरा सगळ्यात वाईट दिसतो तेव्हा. त्यानंतर ओहोटी येणारच असते. ज्याने त्या आठवड्यात कोरफड लावली तो कोरफडीला श्रेय देतो, ज्याने दही लावले तो दह्याला. वयाच्या विशीनंतर पुष्कळांचे मुरूम आपोआप थांबतात, ते श्रेयही शेवटच्या उपायाच्या पदरात पडते. माझ्या भाचीच्या चौदा महिन्यांत गुण आल्याचे किमान सहा वेळा ठरले होते.

प्रयोगशाळेतल्या जंतूंचे उत्तर थोडक्यात. काचेच्या ताटलीत जंतूवर गर ओतणे वेगळे आणि बुचामागे, तेलात लपलेल्या जंतूपर्यंत पोचणे वेगळे. गराचा 98-99 टक्के भाग पाणी असतो. उरलेल्यात ज्याची ख्याती आहे ते अ‍ॅसेमॅनन हे लांबलचक साखळीचे शर्करायुक्त द्रव्य. त्वचेचा अडसर ओलांडायला रेणू साधारण 500 डाल्टनच्या आत असावा लागतो, असा ठोकताळा बॉस आणि मैनार्डी यांनी 2000 साली मांडला. अ‍ॅसेमॅननचा रेणू त्याच्या कितीतरी पट मोठा आहे. कोरफडीत सॅलिसिलिक आम्ल असते हे खरे, पण ते इतके नाममात्र असते की मुरुमांच्या औषधात लागणाऱ्या अर्धा ते दोन टक्क्यांशी त्याची तुलना होत नाही.

माणसांवरचे प्रयोग कोणी केलेच नाहीत असे नाही, आणि इथे मी समोरच्याला त्याचा वाटा देणार आहे. 2014 साली इराणमध्ये 60 रुग्णांवर आठ आठवड्यांचा प्रयोग झाला. एका गटाला ट्रेटिनॉइन आणि कोरफडीचे जेल, दुसऱ्या गटाला ट्रेटिनॉइन आणि कोरफड नसलेले जेल. पहिल्या गटाला अधिक गुण आला. कोरफडीच्या बाजूने नेहमी हाच प्रयोग दाखवला जातो. पण त्यात दोन्ही गटांना ट्रेटिनॉइन मिळत होते, हे सांगायचे राहून जाते. ट्रेटिनॉइन हे मुरुमांचे जुने, कसोटीला उतरलेले औषध आहे. कोरफड तिथे सोबतीला होती. नुसत्या गराने मुरूम जातात हे त्या प्रयोगाने तपासलेच नव्हते. इटलीतल्या दुसऱ्या एका प्रयोगात कोरफड होती, पण तीही प्रोपोलिस आणि टी-ट्री तेलाबरोबर एकाच मलमात, त्यामुळे गुण कोणाचा ते सांगता येत नाही. मुरुमांवरच्या पर्यायी उपचारांचा कॉक्रेन या संस्थेचा आढावा 2015 साली निघाला. त्यात 35 प्रयोग आणि 3,227 माणसे होती. कमी साखर चढवणारा आहार, टी-ट्री तेल आणि मधमाशीचे विष यांच्या बाजूने थोडाफार, तोही कच्चा पुरावा निघाला. बाकी वनौषधींबाबत काही ठरवता येईल इतका पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. अमेरिकन त्वचारोग अकादमीने 2024 साली दिलेल्या मार्गदर्शनातही वनस्पतिजन्य उपायांची शिफारस करण्याइतका पुरावा मिळाला नाही असेच नोंदले आहे.

आता ‘नुकसान तर काही नाही ना’. माझ्या बहिणीचे हे वाक्य घरोघर बोलले जाते आणि माझा खरा विरोध याच वाक्याला आहे.

नुकसान तीन प्रकारचे होते. पहिले चिकाचे. पान कापल्यावर पिवळा चीक निथळू न देता तसाच गर चोळला की काहींना खाज सुटते, पुरळ उठते. दुसरे सोबत्यांचे. कोरफड सहसा एकटी लावली जात नाही. तिच्यात लिंबू पिळले जाते, खायचा सोडा घातला जातो, हळद कालवली जाते. लिंबाच्या सालीत आणि रसात असे द्रव्य असते, की ते अंगावर असताना ऊन लागले तर कातडी भाजते आणि काळे डाग महिनोन्महिने राहतात. रोवणीला किंवा तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या पोरीने सकाळी चेहऱ्याला लिंबू लावून दिवसभर उन्हात राहणे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. कोरफडीचा रस प्यायल्याने ‘रक्त शुद्ध होऊन’ मुरूम जातात असे सांगणारेही आहेत. त्यांच्यासाठी एवढेच सांगतो: कोरफडीच्या चिकाची रेचके 2002 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने चिठ्ठीविना विकण्यास बंदी केली, आणि अख्ख्या पानाचा अर्क जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसांत कर्करोगास कारण ठरण्याची शक्यता असलेल्या द्रव्यांच्या यादीत, 2ब गटात ठेवला आहे.

तिसरे नुकसान वेळेचे, आणि ते बाकी दोन्हींहून भारी आहे. इंग्लंडमधल्या लेटन, हेंडरसन आणि कनलिफ यांनी 1994 साली 185 मुरूमग्रस्तांचे व्रण तपासून लिहिले. चेहऱ्यावर कमी-अधिक व्रण 95 टक्के रुग्णांत होते, मुलग्यांत आणि मुलींत सारखेच. आणि मुरूम सुरू झाल्यापासून नीट उपचार सुरू होईपर्यंत जितका उशीर, तितके व्रण अधिक, हा संबंध तीन वर्षांपर्यंतच्या उशिरात स्पष्ट दिसला. डाग पुसट होतात. खड्डा आपोआप भरत नाही. आपल्या सावळ्या कातडीवर प्रत्येक पुटकुळी मागे काळा डागही ठेवून जाते. म्हणजे कोरफड स्वतः काही बिघडवत नसली तरी ती लावत काढलेला प्रत्येक महिना चेहऱ्यातून वजा होत असतो. हे गणित मला तेव्हा माहीत असते, तर मी बहिणीसमोर गप्प राहिलो नसतो.

याच उशिरात आणखी एक गोष्ट दडते. मुलीची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर-ओठावर राठ केस येत असतील आणि सोबत हट्टी मुरूम असतील, तर ते अंडाशयाच्या विकाराचे लक्षण असू शकते. त्याला गराने झाकणे धोक्याचे आहे.

आता शेवटचे म्हणणे, ज्यापुढे मी सहज जिंकू शकत नाही. डॉक्टर कुठे आहे?

गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. आठ तालुके, पूर्वेला छत्तीसगड, उत्तरेला मध्य प्रदेश, मधे रान. देवरी किंवा अर्जुनी मोरगावहून जिल्ह्याच्या गावी यायचे तर सत्तरएक किलोमीटर पडतात. जाणे-येणे, रांग आणि बुडालेला रोज धरला तर मुरुमांसाठी कोण निघणार? हा प्रश्न खरा आहे, आणि त्याला ‘डॉक्टरकडे जा’ एवढेच उत्तर देणाऱ्याने गाव पाहिलेले नाही.

पण या पोकळीत कोरफड एकटी नाही, हे कोरफडवादी विसरतो. कोरफडीने गुण येत नाही हे पोरीला तीन-चार महिन्यांत कळतेच. मग ती मेडिकलमध्ये जाते आणि ‘चेहऱ्याची चांगली क्रीम’ मागते. हातात पडते ती पुष्कळदा स्टिरॉइड असलेली, गोरे करण्याच्या नावाने खपणारी नळी. चार दिवस चेहरा चकाकतो, लाली बसते. मग कातडी पातळ होते, मुरूम दुपटीने येतात, आणि नळी सोडली की आग होते म्हणून सोडवत नाही. 2011 साली भारतातल्या 12 केंद्रांनी मिळून चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले 2,926 रुग्ण तपासले; त्यातले 433, म्हणजे 14.8 टक्के, चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते, आणि त्यांच्यात दिसलेला सगळ्यात मोठा दुष्परिणाम म्हणजे मुरूम येणे किंवा वाढणे हाच होता. मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टिरॉइड मलमे चिठ्ठीविना विकू नयेत असा नियम केला. नियम झाला, पण नळी अजून मिळते. कोरफड या वाटेची पहिली पायरी ठरते, कारण ती पोरीचा विश्वास आणि वेळ दोन्ही खर्च करून तिला रिकाम्या हाताने त्या दुकानात पाठवते.

आणि डॉक्टर नाहीच, हेही आता पूर्ण खरे राहिलेले नाही. गोंदियात 2016 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, कुंवर तिलकसिंह रुग्णालयाच्या आधाराने. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की त्वचारोग विभाग असतोच. गावाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टरही साध्या मुरुमांचा उपचार सुरू करू शकतो. 2020 पासून ई-संजीवनीवरून घरबसल्या डॉक्टरशी बोलता येते. रेंज मिळेल त्या टेकाडावर मोबाइल न्यावा लागतो, पण रोज बुडत नाही. मुरुमांसाठी शंभर चकरा लागत नाहीत. एकदा नीट निदान आणि मग दोन-तीन महिन्यांनी एकदा दाखवणे, एवढ्यावर बहुतेकांचे भागते.

उपचारही महागडे नाहीत. बेंझॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्क्यांचे जंतूंवर काम करते. उशीचा अभ्रा पांढरा घ्यावा, रंगीत कापडाचा रंग त्याने उडतो. अ‍ॅडापॅलीन 0.1 टक्के रात्री, वाटाण्याएवढे, सगळ्या चेहऱ्याला लावायचे. ते बूच बसण्यावरच काम करते, म्हणून पुटकुळी दिसण्याआधी पोचते. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे कातडी कोरडी पडते, सोलते, कधी मुरूम थोडे वाढल्यासारखेही वाटतात, आणि नेमके याच वेळी पोरी औषध सोडतात. गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात. गरोदर असताना किंवा मूल राहण्याची शक्यता असताना अ‍ॅडापॅलीनच्या जातीची औषधे डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नयेत, आणि आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या तर मुळीच नाहीत. घरात करण्यासारखे विचाराल तर दिवसातून दोनदा साध्या साबणाने चेहरा धुणे, पुटकुळी न फोडणे, आणि कपाळापर्यंत तेल न चोपडणे. केसांचे तेल कपाळावर ओघळून तिथे मुरूम येतात, आणि आपल्याकडे चपचपीत तेल घातल्याशिवाय वेणी होत नाही. धानाच्या मुलखात तिन्हीत्रिकाळ भात खाणाऱ्याला आहार बदला असे मी सांगणार नाही, त्या पुराव्यात अजून तेवढा दम नाही. थंड गोड पेये आणि पुड्यांतले खाणे कमी केले तरी पुरे.

खंडन झाले. मंडन केल्याशिवाय ते अर्धे राहील, कारण कोरफडीला तिची जागा आहे. ती कुठली, हे भावमिश्रांनी चारशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे: आगीने भाजणे. 2007 साली बर्न्स या नियतकालिकात आलेल्या आढाव्यात चार प्रयोग आणि 371 रुग्ण घेतले होते. पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीच्या भाजण्यात कोरफड वापरलेल्यांची जखम सरासरी जवळजवळ नऊ दिवस लवकर भरली. प्रयोग सगळे सारख्या दर्जाचे नव्हते, हे त्या लेखकांनी स्वतःच म्हटले आहे. पण ग्रंथ आणि प्रयोग एकाच जागी बोट ठेवतात, असे वनौषधींच्या बाबतीत फार वेळा होत नाही. हात भाजला तर आधी वीस मिनिटे साधे वाहते पाणी, मग चीक निथळून टाकलेला ताजा, स्वच्छ गर. फोड मोठा असेल, चेहरा किंवा सांधा भाजला असेल तर दवाखाना. मुरुमांच्या उपचारातही तिला एक छोटे काम आहे. अ‍ॅडापॅलीनने कातडी कोरडी होऊन चुरचुरते, तेव्हा गराचा थंडावा बरा वाटतो आणि औषध सोडावेसे वाटत नाही. इराणच्या प्रयोगातून निघणारा सगळ्यात प्रामाणिक अर्थही मला हाच वाटतो. औषध म्हणून नव्हे, औषध सोसण्यासाठी.

अंगणातली कोरफड उपटून टाका असे मी सांगत नाही. ती चुलीजवळ ठेवा. पण घरात चौदा-पंधरा वर्षांची मुलगी किंवा मुलगा असेल आणि चेहऱ्यावर दुखणारे, खोल, पुवाचे मुरूम येऊ लागले असतील, तर पान कापू नका. मुलगे तर घरात सांगतही नाहीत. त्यांच्या चेहऱ्याकडे तुम्हीच बघा. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, ई-संजीवनीवर दाखवा, नाहीतर रोवणीची घाई सुरू व्हायच्या आधी एक दिवस काढून गोंदियाला त्वचारोग विभागात घेऊन जा. खड्डा पडायच्या आधी जा.